पवनचक्कीत काहीच दळत नाही

गेल्या मे महिन्यात पुण्याची भाची सुट्टीला आली होती. देवगडच्या कड्यावरच्या पवनचक्क्या बघून झाल्या, फोटो काढून झाले, आणि परत येताना तिनं विचारलं, "मामा, आत केवढी मोटार असेल हे धूड फिरवायला?"

नववीतली मुलगी. मला आधी हसू आलं, मग वाटलं की प्रश्न अगदीच वेडा नाही. घरातला पंखा मोटारीनं फिरतो, ही दिसते पंख्यासारखी, मग हिच्यातही मोटार असणार. फक्त इथे सगळी गाडी उलटी चालते. पंख्याला वीज दिली की तो वारा देतो. चक्कीला वारा दिला की ती वीज देते. आणि आत जे यंत्र बसवलेलं असतं ते मोटारीचं सख्खं भावंडच, त्यामुळे पोरगी पुरती चुकलीही नव्हती.

दुसरा प्रश्न फार जुना, माझ्या काकीचा. जून लागला की पहिल्याच वादळात आमच्या वाडीची लाइट जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही. अशाच एका काळोख्या संध्याकाळी कंदिलाची काच पुसता पुसता काकी म्हणाली, "वारो एवडो सुटलो हा, सड्यार चक्क्यो उभ्यो आसत, मगे आमच्याच घरात काळोख कित्याक?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येतं, पण त्यासाठी आधी चक्कीच्या पोटात शिरायला हवं.

नावापासूनच घोटाळा आहे. चक्की म्हटलं की दळण आलं. युरोपात शेकडो वर्षं वाऱ्याच्या जोरावर धान्य दळलं जायचं, पाणी उपसलं जायचं. ती ओळख या नावाला चिकटून राहिली. वाऱ्यावर वीज करायचे पहिले प्रयोग १८८७-८८ च्या सुमाराचे, एक स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांचा, दुसरा अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांचा. पुढे दळण संपलं, नाव तेवढं उरलं.

भाचीला समजवायला मी माडाची एक पात तोडली. आमच्या लहानपणी प्लॅस्टिकची भिंगरी कुणकेश्वरच्या जत्रेत, म्हणजे वर्षातून एकदाच मिळायची. बाकीचे दिवस माडाची पात आणि एक हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, पुरे. पातीचे तुकडे एकमेकांत अडकवून चार टोकांची फुली करायची, मधोमध हीर टोचायचा आणि वाऱ्याकडे तोंड करून धावत सुटायचं. भाचीनं केलेली पहिली भिंगरी काही फिरेना. चारही टोकं सपाट होती. वारा समोरून यायचा, पातीवर आपटायचा आणि बाजूनं निघून जायचा. मग प्रत्येक टोकाला जरासा पीळ दिला, सगळ्यांना एकाच बाजूला, आणि ती भिरभिरायला लागली.

तो पीळ महत्त्वाचा. तिरक्या पातीवर आलेली हवा सरळ मागे जाऊ शकत नाही, ती एका बाजूला वळते. पातीनं हवेला डावीकडे ढकललं, तर हवा पातीला उजवीकडे ढकलते. चारही टोकांवर हेच घडतं आणि भिंगरीला गरगरण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मोठ्या चक्कीच्या पात्यात मात्र याहून बारीक कारागिरी असते. ती कळायला भिंगरी सोडून होडीत बसावं लागेल. शिडाची होडी वारा पाठीवर घेऊन पळते, असं किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं. पण जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, वारा बाजूनं असतानाही होडी पुढे काढायचे, तेही पाठीवरच्या वाऱ्यापेक्षा जोरात. शीड तिरकं धरलं की त्याला पोट येतं, आणि त्या पोटावरून वळून जाणारी हवा शिडाला बाजूला ओढते. ही ओढ नुसत्या धक्क्यापेक्षा कितीतरी जबर. पात्याचा आडवा छेद घेतला तर तोही असाच निघतो, एका बाजूला जास्त पोट, पुढची कड जाड, मागची कड निमुळती. विमानाचा पंखही याच घराण्यातला. (पोटाकडून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो आणि दुसऱ्या बाजूच्या हवेला गाठायला तिला पळावं लागतं, असं स्पष्टीकरण पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. दोन्हीकडच्या हवेनं टोकाला एकाच वेळी पोचावं असा काही नियम नाही. हवा वळवली जाते आणि उलट ओढ मिळते, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.)

ओढीची खूण हवी असेल तर साधा हिशेब आहे. आजच्या मोठ्या चक्कीचा फेरा १२० मीटर व्यासाचा धरा. लांबून ती अगदी आळसावलेली दिसते, मिनिटाला जेमतेम बारा फेरे. पण पात्याच्या टोकाला एका फेऱ्यात ३७७ मीटर कापायचे असतात. म्हणजे सेकंदाला ७५ मीटर, तासाला २७० किलोमीटर. आणि वारा असतो तासाला छत्तीस किलोमीटरचा. वाऱ्यानं नुसती ढकललेली वस्तू वाऱ्याच्या पुढे कधीच जाणार नाही. पात्याचं टोक सातपट पुढे जातं.

टोक इतक्या वेगात आणि बुंधा मात्र सावकाश, म्हणून एकाच पात्यावर पीळही सारखा ठेवून चालत नाही. बुंध्याशी तो भरपूर असतो, टोकाकडे जाता जाता पातं जवळजवळ सपाट होतं. काचतंतू आणि इपॉक्सीची ही पाती आतून पोकळ असतात, मध्ये बाल्सासारखं हलकं लाकूड किंवा फोम घातलेलं. टोकाला धातूची बटणं आणि तिथून आतून खाली आलेली तार असते. मे महिन्याच्या शेवटी आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, विजा कशा लोळतात हे ज्यानं पाहिलंय त्याला ती तार कशासाठी हे सांगायला नको.

पाती तीनच का, हाही नेहमीचा प्रश्न. दोनही चालतात, पण दोन पात्यांचं यंत्र वाऱ्याकडे तोंड वळवताना धडधडतं. चार केली तर खर्च आणि वजन वाढतं, वीज मात्र फारशी वाढत नाही. तीनावर तोल साधतो.

आता मूळ हिशेबाकडे येऊ, कारण पवनचक्कीचं सगळं अर्थकारण, भूगोल आणि नशीब या एका आकड्यात बसलेलं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती किती होते? सहज तोंडात येतं, दुप्पट. होते आठपट. यात कसलीही जादू नाही. वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेतली ऊर्जा चौपट होते. मोटरसायकल दुप्पट वेगात असली की ब्रेकला चौपट अंतर लागतं, तेच हे. शिवाय दुप्पट वेगानं येणारी हवा त्याच वेळात दुप्पट येऊन पोचते. चार गुणिले दोन, आठ.

तासाला १८ किलोमीटरचा वारा, म्हणजे दुपारी झाडाच्या डहाळ्या हलवणारी झुळूक, एका चौरस मीटरमधून सुमारे ७५ वॉट घेऊन जातो. एका जुन्या दिव्याएवढे. ३६ किलोमीटरचा वारा त्याच चौरस मीटरमधून ६०० वॉट नेतो. आणि पाती ज्या वर्तुळातून फिरतात ते केवढं मोठं असतं बघा: १२० मीटर व्यासाचा फेरा म्हणजे ११,३०० चौरस मीटर, जवळजवळ अडीच-पावणेतीन एकर. ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात या वर्तुळातून दर सेकंदाला १३० टनांहून जास्त हवा जाते. हवेला वजन नसतं असं आपण धरून चालतो. रिकामी एसटी ढोबळमानानं दहा टनांची धरली, तर तेरा एसट्या दर सेकंदाला त्या वर्तुळातून जातायत असं डोळ्यासमोर आणा.

एवढ्या हवेत पावणेसात मेगावॉट शक्ती असते (एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट). ती सगळी काढता येईल का? येत नाही. याचं कारण कितीही चांगलं यंत्र केलं तरी बदलत नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या रांगेत उभे राहिलेले लोक हे चटकन समजतील. गाभाऱ्यात शिरलेला माणूस जर तिथेच ठाण मांडून बसला, तर मागची रांग सरकणार कशी? हवेचंही तसंच. पात्यांनी तिच्यातली सगळी ऊर्जा काढली तर हवा पात्यांमागे थांबेल, आणि थांबलेली हवा मागून येणाऱ्या हवेची वाट अडवेल. मग वारा चक्कीला वळसा घालून जाईल. म्हणून चक्कीनं थोडं घ्यायचं आणि हवेला पुढे जाऊ द्यायचं. किती घेतलं तर सर्वांत फायद्याचं, हे जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी मांडलं: मागे जाणाऱ्या हवेचा वेग आधीच्या एक तृतीयांश राहिला पाहिजे, आणि तेव्हा जास्तीत जास्त सोळा सत्तावीसांश, म्हणजे ५९.३ टक्के शक्ती हाती येते. ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस टक्के मिळाले तरी यंत्र उत्तम. आपल्या पावणेसात मेगावॉटचे झाले पावणेतीन.

आतापर्यंत नुसतं फिरणं झालं, वीज कुठेच आलेली नाही. तिच्यासाठी सायकल काढू.

माझ्या वडिलांच्या सायकलला मागच्या चाकाशी बाटलीसारखा डायनॅमो होता. अंधार पडला की खटका दाबायचा, डायनॅमोचं डोकं टायरला टेकायचं, घुर्रघुर्र आवाज यायचा आणि पुढचा दिवा पेटायचा. आत एक चुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेजवळ चुंबक हलला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं, आणि बॅटरी नि सौर पॅनेल सोडले तर जगातली जवळजवळ सगळी वीज आजही याच युक्तीनं होते. कोळसा असो, धरण असो की अणुभट्टी, शेवटी कुणीतरी चुंबक आणि तार एकमेकांजवळ गरगरा फिरवत असतं. चक्कीत ते काम वारा करतो.

पण डायनॅमोची खरी शिकवण दिव्यात नव्हती, पायात होती. खटका दाबताच सायकल जड व्हायची. जामसंड्याच्या चढावर तर मी दिवा बंद करून चंद्राच्या उजेडात जायचो. वीज काढायला लागलं की फिरणाऱ्या चाकाला ब्रेक बसतो. जेवढी वीज जास्त, तेवढा ब्रेक जास्त. फुकट काही मिळत नाही. चक्कीतही हाच ब्रेक पात्यांना आवरून धरतो, आणि पुढे वादळाची गोष्ट येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

मनोऱ्याच्या डोक्यावर जी लांबट पेटी दिसते ती लांबून खोक्यासारखी वाटली तरी चांगली मोठी खोली असते. तिच्यात आडवा दांडा, गिअरबॉक्स आणि जनरेटर, म्हणजे मोठा डायनॅमोच. गिअरबॉक्स लागतो कारण पाती मिनिटाला बारा फेरे घेणार आणि सर्वसाधारण जनरेटरला हजार ते दीड हजार फेरे हवेत. शंभरपट वाढ. मोठ्या दातेरी चाकाला लहान चाक जोडलं की लहान चाक भराभर फिरतं, सायकलच्या पायडलजवळची मोठी चकती आणि मागची लहान चकती आठवा. याच गिअरबॉक्सनं पवनचक्कीवाल्यांना सर्वांत जास्त रडवलंय, कारण वारा कधी एकसारखा येत नाही. तो झोत मारतो, थांबतो, पुन्हा मारतो, आणि प्रत्येक झोत त्या दात्यांवर बसतो. म्हणून काही कंपन्या गिअरबॉक्सच काढून टाकतात आणि भरपूर चुंबकांचा, गाड्याच्या चाकासारखा रुंद जनरेटर थेट दांड्यावर बसवतात. सावकाश फिरला तरी त्याचं भागतं. तो वजनाला आणि किमतीला मात्र भारी पडतो.

पेटीच्या पाठीवर दोन छोटी यंत्रं असतात. एक वाऱ्याचा वेग मोजतं, दुसरं दिशा. दिशा बदलली की पेटीखालच्या मोटारी सगळं डोकं हळूहळू वाऱ्याकडे वळवतात. इथे भाचीला तिच्या मोटारी सापडल्या! आमच्या किनाऱ्यावर त्या मोटारींना रोजचं काम असतं. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पहाटे होड्या बाहेर काढणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. भाचीनं आपली भिंगरी संध्याकाळी पडवीच्या खांबाला समुद्राकडे तोंड करून बांधली होती. दिवेलागणीला वारा पडला, ती थांबली. पहाटे मतलई सुटली तरी ती गपच, कारण वारा तिच्या पाठीकडून, घराच्या आडून येत होता. तिचं डोकं वळवायला मोटार नव्हती.

आता काकीचा प्रश्न. वारा आहे, चक्की आहे, मग घरात काळोख का?

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, म्हणजे शंभर वेळा दिशा बदलते. देशभरातले सगळे जनरेटर, पोफळीच्या जलविद्युत केंद्रातला असो की चंद्रपूरच्या कोळशाच्या केंद्रातला, एकाच तालावर चालतात, भजनात सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडाव्यात तसे. चक्कीलाही या तालात मिसळावं लागतं. जुन्या लहान चक्क्यांचे जनरेटर तर असे असायचे की त्यांच्यातलं चुंबकत्वच ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या तारांच्या जाळ्यातल्या, विजेवर जागं व्हायचं. बाहेरची वीज आली तरच ते आपली वीज करणार. ग्रिड गेलं की पाती कितीही फिरोत, तारांत काही नाही. नव्या चक्क्यांत इलेक्ट्रॉनिक्स आहे. वाऱ्याबरोबर कमीजास्त होणारी वीज आधी सरळ करून मग पन्नासच्या तालात बसवून पुढे पाठवतात. तरीही बहुतेक चक्क्या ग्रिड गेलं की मुद्दाम बंद होतात. पडलेल्या तारा जोडायला खांबावर चढलेल्या वायरमनला दुसऱ्या बाजूनं कुठल्या तरी चक्कीची वीज लागली तर त्याचा जीव जाईल. शिवाय चक्कीची वीज थेट वाडीत येत नाही. जनरेटरमधून ती साधारण ६९० व्होल्टनं निघते, ट्रान्सफॉर्मर तिला ३३ हजार व्होल्टपर्यंत चढवतो, मग ती उपकेंद्रात जाऊन सगळ्यांच्या विजेत मिसळते आणि तिथून उतरत उतरत आपल्या मीटरपर्यंत येते. मधल्या वाटेवर एक आंब्याची फांदी तारेवर पडली की झालं.

हे सगळं मी काकीला नंतर एकदा सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तेका पण वायरमनची वाट बघूक व्हयी." इतक्या थोडक्यात मला जमलं नसतं.

वादळाचं वेगळंच. जितका वारा जास्त तितकी वीज जास्त, मग वादळात चक्कीची चांदी व्हायला हवी. होत नाही. सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वारा आला की चक्की वीज द्यायला लागते. अकरा ते तेरा मीटरला, म्हणजे तासाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरला, ती तिच्या पूर्ण ताकदीवर येते. त्याच्या वर वारा कितीही वाढला तरी वीज तेवढीच. जनरेटर तितकाच आहे, आणि आठपट शक्ती पेलेल असं यंत्र वर्षातल्या चार दिवसांसाठी कुणी बांधत नाही. मग जादा वाऱ्याचं काय करायचं? सोडून द्यायचा. प्रत्येक पातं आपल्या बुंध्याशी थोडं वळतं आणि वाऱ्याला निसटू देतं. वारा फुगला की तांडेल शीड सैल सोडतो, तसंच. पुढे सेकंदाला पंचवीस मीटर, म्हणजे तासाला नव्वद किलोमीटर झाले की पाती पूर्ण कडेवर होतात, सुरी धारेकडून धरावी तशी, आणि चक्की थांबते.

डायनॅमोचा ब्रेक आठवतोय? भर वाऱ्यात ग्रिड एकाएकी गेलं तर तो ब्रेक क्षणात सुटतो. उतारावर सायकलची साखळी तुटावी तशी पाती बेभान होऊ शकतात. त्यामुळे पाती वळवणाऱ्या यंत्रणेला बॅटरीचा किंवा दाबलेल्या तेलाचा वेगळा साठा दिलेला असतो; बाहेरची वीज नसली तरी ती पाती कडेवर आणतेच. आमच्याकडे वारा आणि लाइट यांचं वैर ठरलेलंच आहे, त्यामुळे हा प्रसंग विरळा समजायचं कारण नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं तेव्हा वारा तासाला शंभर किलोमीटरच्या पुढे होता. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या. अशा वाऱ्यात चक्कीचं काम एकच, उभं राहणं. जागेप्रमाणे तिचे वर्ग ठरलेले असतात आणि त्यानुसार सेकंदाला साडेसदतीस ते पन्नास मीटरचा सलग वारा बंद अवस्थेत सोसण्याइतकी ती मजबूत करतात. बांधणाऱ्यांची निम्मी अक्कल वारा धरण्यात खर्च होते आणि निम्मी त्याला वाट करून देण्यात, असं मला तरी हे सगळं बघून वाटतं.

आता कुणीही विचारेल, एवढा समुद्र, एवढा वारा, मग कोकणात चक्क्यांची रांगच का नाही? सुरुवात तर इथूनच झाली होती. १९८६ मध्ये देशात पहिली पवनऊर्जा केंद्रं उभी राहिली ती किनाऱ्यावर: गुजरातेत ओखा, तमिळनाडूचा किनारा आणि आपलं रत्नागिरी. यंत्रं डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीची, प्रत्येकी ५५ किलोवॉटची, फेरा पंधरा मीटरचा. पुढे मात्र चक्क्या सह्याद्री चढून गेल्या. साताऱ्याकडचं वनकुसवडे, चाळकेवाडी, सांगली जिल्ह्यातली पठारं, धुळ्याचं ब्राह्मणवेल, महाराष्ट्राची वाऱ्याची वीज तिकडे तयार होते.

कारण पुन्हा तोच आठपटीचा हिशेब. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला सह्याद्रीची भिंत आडवी येते. ती ओलांडताना तो माथ्यावर दाटून, वेग घेऊन जातो; नदीचं पाणी अरुंद जागेत धावतं तसा. वनकुसवड्याचं पठार अकराशे मीटरच्या वर आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा दहाएक टक्के विरळ, म्हणजे तेवढं नुकसान. पण वेग दहा टक्के जरी वाढला तरी शक्ती ३३ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे सौदा फायद्याचाच. किनाऱ्यावर उलट आहे. पाण्यावरून सपाट येणारा वारा जमिनीला लागताच माड, सुरू, काजू, घरांची कौलं यांत अडखळतो. भरीला खारी हवा. आमच्याकडे खिडकीचे गज चार पावसाळ्यांत पोपडे सोडतात, तिथे ऐंशी मीटर उंचीवरच्या नटबोल्टांची काय कथा! आणि जमीन? सड्याच्या कातळावर सुरुंग लावून हापूस उभा करणाऱ्याकडे दुसऱ्या कशासाठी जागा मागायला जाऊन बघा.

समुद्रातच उभ्या केल्या तर? डेन्मार्कनं १९९१ मध्ये विंडेबी इथे अकरा चक्क्या पाण्यात उभारून ते करून दाखवलं. भारतानं त्यासाठी २०१५ मध्ये धोरण आणलं आणि २०२४ मध्ये पहिल्या हजार मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले निम्मे गुजरातच्या किनाऱ्याला, निम्मे तमिळनाडूच्या. या पहिल्या वाटपात आपला किनारा नाही.

तरी एका बाबतीत कोकण या हिशेबाच्या मधोमध आहे. आपल्याकडच्या वाऱ्याच्या विजेतला निम्म्याहून बराच जास्त भाग जून ते सप्टेंबरमध्ये तयार होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, आणि नेमकी तेव्हाच घाटमाथ्यावरची पाती सर्वांत जोरात. त्याच दिवसांत कोयनेचं धरण भरत असतं. ते पाणी बोगद्यातून कोकणात उतरतं, पोफळीची यंत्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वारा साठवून ठेवता येत नाही, पाणी येतं. वारा वाहतो तेव्हा त्याची वीज वापरायची, पाणी राखायचं, आणि एप्रिलच्या संध्याकाळी वारा पडून घरोघर पंखे सुरू झाले की पाण्याचं दार उघडायचं. पाण्यावरची यंत्रं काही मिनिटांत पूर्ण जोमात येतात, कोळशाच्या केंद्राला तासन् तास लागतात. वनकुसवड्याच्या चक्क्यांवरून खाली बघितलं तर कोयनेचा जलाशयच दिसतो.

जाता जाता जुन्या आणि नव्या चक्कीतला फरक आकड्यांत बघू. पंचावन्न किलोवॉटची चक्की वर्षभरात तिच्या पूर्ण ताकदीच्या वीस टक्के चालली असं धरलं, तर साधारण ९६ हजार युनिट होतात. महिन्याला शंभर युनिट वापरणारी ऐंशी घरं. अडीच मेगावॉटची आजची चक्की तीस टक्क्यांनी चालली तर ६५ लाख युनिट, म्हणजे साडेपाच हजार घरं. जागा मात्र दोघींना एका पायाचीच. म्हणून जुन्या लहान चक्क्या उतरवून मोक्याच्या जागी मोठ्या बसवाव्यात यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये वेगळं धोरणही काढलं.

भाचीनं यावर लगेच विचारलं, मग देवगडलाही मोठी बसवा की. मी तिला म्हटलं, पंधरा मीटर फेऱ्याच्या चक्कीचं पातं सात-साडेसात मीटरचं. ते साध्या ट्रकमध्ये मावतं. मोठीचं पातं साठ मीटरचं, एका सलग तुकड्यात, लांबलचक ट्रेलरवर. परवा तू फोंडा घाटातून आलीस ना? त्या वळणांवर दोन एसट्या समोरासमोर आल्या तेव्हा एकीला मागे जावं लागलं होतं. पाच एसट्यांएवढं लांब पातं तिथून खाली आणायचं, की मुंबईहून बोटीनं, हे ठरव आणि मला सांग.